चिनी पद्धतीने ‘ओलावा’ काढताना पोट का बिघडतं: यीमी निवडण्यापासून थांबण्यापर्यंत

दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोऊत फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काही दिवस असे येतात की घराच्या भिंतींना घाम फुटतो. दक्षिण चिनी समुद्रावरची उबदार, दमट हवा अजून गार असलेल्या भिंतींवर आदळते आणि फरशीवर अक्षरशः पाणी साचतं. तिकडे याला ‘हुईनानत्येन’ म्हणतात. नेमक्या याच दिवसांत सुपरमार्केटमध्ये ‘छूशी’च्या, म्हणजे अंगातला ओलावा काढण्याच्या पुड्या दारातच मांडून ठेवतात आणि निम्मं शहर यीमीचं, म्हणजे एका पांढऱ्या धान्याचं, पाणी उकळायला लागतं.

तिथं राहायला गेल्यावर पहिल्याच वर्षी मीही ते सुरू केलं. कच्ची यीमी, लाल दाणे, भरपूर पाणी, सकाळ-संध्याकाळ. चौथ्या दिवशी पोट सैल झालं. ‘ओलावा बाहेर पडतोय’ असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून मी नेटाने तीन आठवडे पीत राहिले. शेवटी कोपऱ्यावरच्या जडीबुटीच्या दुकानातल्या आयींनी (तिकडे मावशीला ‘आयी’ म्हणतात) माझी जीभ पाहिली, पुडी पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “भाजली होतीस का?”

हा लेख त्या प्रश्नासाठीच लिहितेय. सैल पोट ही ओलावा निघाल्याची खूण नाही. चिनी वैद्यकाच्या हिशेबातही नाही आणि आपल्या डॉक्टरांच्या हिशेबात तर नाहीच.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या

‘शी’ म्हणजे ओलावा. चिनी वैद्यकात हा कुठल्याही तपासणीत मोजता येणारा पदार्थ नाही. जडपणा, चिकटपणा, पोट फुगणं, भूक मंदावणं अशा लक्षणांच्या गठ्ठ्याला दिलेलं ते नाव आहे. आणि ‘प्लीहा’ हा शब्द त्या वैद्यकात अन्न पचवून त्यातला रस अंगाला पोचवण्याच्या एकूण कामासाठी वापरतात. सोनोग्राफीत दिसणारी प्लीहा ती वेगळी. या प्लीहेला ओलावा सोसत नाही, आणि तीच थकली की ओलावा आणखी साचतो, अशी ती मांडणी आहे.

म्हणून ओलावा काढण्याच्या प्रत्येक नुसख्यात दोन कामं एकत्र असतात: काढणं आणि पचनाला आधार देणं. घरगुती प्रयोगात पहिलं होतं आणि दुसरं राहून जातं.

आपल्याकडचे वाचक याला लगेच ‘कफ’ किंवा ‘आम’ म्हणून मोकळे होतात. साम्य आहे, पण हिशेब वेगळा आहे. दोन्हीकडची औषधं एकाच आठवड्यात सुरू करू नका. काय लागू पडलं आणि कशाने बिघडलं, कळणार नाही.

टप्पा १: हे खरंच ओलाव्याचं प्रकरण आहे का

सलग तीन सकाळी जीभ पाहा. दात घासायच्या आधी, चहाच्या आधी, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली पिवळेपणाचा अंदाज चुकतो. आपल्या लोकांसाठी खास सूचना: आदल्या रात्री हळदीचं दूध, पान किंवा गडद रश्श्याची भाजी झाली असेल तर त्या दिवशीची नोंद धरू नका. हळदीने पिवळी झालेली जीभ पाहून ‘उष्ण ओलावा’ ठरवणारे मी पाहिले आहेत.

काय पाहायचं: जिभेवरचा थर जाड आणि बुळबुळीत आहे का, मलई पसरल्यासारखा? कडांना दातांचे ठसे आहेत का? सकाळी उठल्यावर डोक्याला ओलं फडकं बांधल्यासारखं जड वाटतं का? तोंड चिकट, जेवणावर वासना नाही, थोडं खाल्लं तरी पोट तट्ट? शौच भांड्याला चिकटतं, एका फ्लशमध्ये जात नाही, आणि जाऊन आल्यावरही पोट साफ झालंसं वाटत नाही? यातल्या तीन-चार गोष्टी एकत्र असतील तर पुढे वाचा. नुसता जिभेवर थर आहे म्हणून काही उकळायला जाऊ नका.

*थांबा:* शौचातून रक्त, काळं शौच, ताप, कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पोटदुखी, डोळे पिवळे होणं, यातलं काहीही असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. आधी डॉक्टर. गरोदरपणात यीमी टाळायला चिनी वैद्यही सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २: सात दिवस काहीच घ्यायचं नाही

हा टप्पा सगळे गाळतात, आणि माझ्या मते अर्धं काम इथंच होतं.

वरून नळ चालू ठेवून खालून बादल्या उपसण्यात अर्थ नाही. सात दिवस बर्फाचं आणि फ्रिजमधलं पाणी, गार पेयं, रात्रीची कच्ची कोशिंबीर, गोड, तळण, बिअर बंद. चिनी हिशेबात गोड, स्निग्ध आणि गार हे तिन्ही ओलावा वाढवतात. म्हणजे आपलं श्रीखंड तिन्ही खात्यांत बसतं. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास. भूक असेल तेवढंच, आणि गरम.

त्याबरोबर एका वहीत रोज तीनच गोष्टी: शौच कसं झालं, जीभ कशी दिसली, दुपारच्या जेवणाआधी भूक लागली का. तीन शब्दांत लिहिलं तरी चालेल. पुढे औषधाचा गुण आला की नाही हे याच नोंदीवरून ठरणार आहे.

*तपासा:* सात दिवसांत निम्मी लक्षणं गेली असतील तर इथंच थांबा. उकळायची गरज नाही.

टप्पा ३: गार ओलावा की उष्ण

हे न ठरवता पुडी विकत घेणं ही सगळ्यांत महागडी चूक. तीच यीमी एकाला बरी वाटते आणि दुसऱ्याचं पोट बिघडवते, ते इथंच.

गार ओलाव्यात जिभेवरचा थर पांढरा असतो. पोटावर हात ठेवला की गार लागतं, गरम पिशवीने बरं वाटतं, शौच सैल, तहान नाही. एअरकंडिशनरमध्ये बसून काम करणारे आणि गार पाणी पिणारे बहुतेक या गटात असतात.

उष्ण ओलाव्यात थर पिवळा, तोंड कडवट, शौच चिकट पण उग्र वासाचं, जाताना जळजळ, लघवी गडद, चेहऱ्यावर तेलकट पुटकुळ्या.

तिसरा गट असा आहे ज्याने हे करूच नये: जीभ लालभडक, थर जवळजवळ नाही, तोंड कोरडं, शौच खडखडीत, रात्री घाम. अशा माणसाचा आधीच आटलेला रस आणखी आटवू नका. म्हाताऱ्या माणसांमध्ये हे जास्त दिसतं, आणि मुलं त्यांना कौतुकाने छूशीची पाकिटं पाठवतात.

दोन्हींची सरमिसळ वाटत असेल तर गार गट धरून, कमी मात्रेने सुरू करा. थंड औषधाने गार पोट बिघडतं ते सावरायला जास्त दिवस लागतात.

टप्पा ४: खरेदी

इथं घोटाळे खूप आहेत, म्हणून जरा थांबून वाचा.

*यीमी.* हे गवताच्या कुळातलं, मक्याच्या नात्यातलं धान्य. दाणा पांढरा, जाडसर, पोटावर एक खोल तपकिरी चीर. या झाडाचं दुसरं रूप तुम्ही पाहिलेलं आहे: देवळाबाहेर विकल्या जाणाऱ्या वैजयंती माळेचे राखाडी, चकचकीत मणी. ते कठीण कवचाचं जंगली वाण आहे, खायचं नव्हे. माळ फोडून उकळायचा विचार कुणाच्या डोक्यात येऊ नये म्हणून लिहून ठेवतेय. मला हा प्रश्न दोनदा आला आहे. जपानी दुकानात हेच धान्य ‘हातोमुगी’ नावाने मिळतं.

हाँगकाँगच्या दुकानांत ‘परदेशी यीमी’ या अर्थाच्या नावाने जे मिळतं ते यीमी नसून सोललेला जव, म्हणजे पर्ल बार्ली. ग्लूटेन चालत नसेल तर हा फरक नुसता नावाचा राहत नाही. जवात ग्लूटेन आहे, यीमीत नाही.

*लाल दाणे.* औषधासाठी हवा तो ‘चीशियाओदोऊ’: बारीक, लांबट, गडद लाल, बाजूला पांढरी उठावदार रेघ. गोल, फुगीर दाणा म्हणजे गोड पदार्थांत घालतात ती अझुकी. तीही चालते, पण ग्वांगदोंग प्रांतातले, म्हणजे ग्वांगझोऊच्या भागातले, लोक बारीकच मागतात.

खरा धोका वेगळाच. दक्षिण चीनमध्ये ‘होंगदोऊ’, म्हणजे लाल दाणा, हे नाव गुंजेलाही आहे. हो, आपली सोनाराची गुंज, लाल अंग आणि काळा ठिपका. ती विषारी आहे. दाणा फुटून पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. तिकडच्या सुट्या बाजारात अर्धे लाल-अर्धे काळे दाणे दिसले की मराठी माणसाला ओळखायला अडचण पडू नये. तरीही घरी आल्यावर दाणे ताटात पसरा आणि एकेक निवडा.

*फूलिंग.* पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी. पांढरे चौकोनी तुकडे किंवा पातळ काप मिळतात. तुकडा चावला तर दाताला चिकटतो. स्टार्च दाबून बनवलेला नकली माल उकळला की विरघळून पेज होते, खरा तुकडा अर्ध्या तासानेही तुकडाच राहतो.

*चेनपी.* संत्र्याची वाळवून मुरवलेली साल. ग्वांगदोंगमधल्या शिनहुईची नावाजलेली, आणि ‘चेनपी’ म्हणवून घ्यायला किमान तीन वर्षं मुरलेली हवी. आपल्याकडच्या संत्र्याची दोन दिवस उन्हात वाळवलेली साल तिच्या जागी घालू नका. मेण आणि फवारणी दोन्ही त्यात असू शकतात.

*आधाराची मंडळी.* ही आपल्या ओळखीची निघतील: छ्येनशी म्हणजे मखाणा (लाही न केलेलं बी), ल्येनझी म्हणजे कमळबी, बायब्येनदोऊ म्हणजे पांढरे वाल, आणि शानयाओ म्हणजे कोनफळाच्या नात्यातला कंद. वाल मात्र पूर्ण शिजलेच पाहिजेत. अर्धकच्च्या वालाने उलट्या-जुलाब होतात, आणि त्याचंही खापर ‘ओलावा निघण्या’वर फोडलं जातं.

*सावध:* सुट्या, नाव नसलेल्या ‘ओलावा आणि सूज काढणाऱ्या’ मिश्रणांपासून लांब राहा. या वर्गातल्या फांगजी आणि मूतोंग या दोन औषधांच्या नावाखाली अॅरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पती विकल्या गेल्या. बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत अशी गल्लत झाली आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. 1993 मध्ये ते वैद्यकीय नियतकालिकातून जगासमोर आलं. चीनने 2003 मध्ये त्यातल्या ग्वानमूतोंगची मान्यता काढून घेतली. घरगुती प्रयोगात या दोन्ही नावांना जागाच नाही.

टप्पा ५: भाजणं

कच्ची यीमी चिनी हिशेबात थंड. भाजली की थंडपणा उतरतो आणि पचायला हलकी होते. गार गटासाठी भाजणं सक्तीचं. उष्ण गटाला कच्ची चालते, पण पोट नाजूक असेल तर त्यांनीही निम्मी भाजलेली घ्यावी.

पाव किलो यीमी निवडून, एकदाच भराभर धुऊन फडक्यावर कोरडी करा. ओली कढईत टाकली तर वाफेवर शिजते, भाजत नाही. जाड बुडाची कढई, तेल नाही, आच रवा भाजतो तेवढी. पहिली पाच मिनिटं काही होत नाही असं वाटेल. आच वाढवू नका. मग दाणे कढईवर वाजायला लागतात, आवाज हलका होतो. दहाव्या मिनिटाच्या आसपास लाह्यांसारखा वास येतो, एखाद-दुसरा दाणा फुटतो. पांढरा रंग बिस्किटाच्या रंगाकडे झुकला की उतरवा. कढईतच ठेवलीत तर उरलेल्या उष्णतेने करपते, म्हणून लगेच ताटात पसरा.

*तपासा:* गार झाल्यावर एक दाणा दाताखाली धरा. कुडकुडीत तुटून आतून एकसारखा फिका पिवळा दिसला तर जमलं. आत पांढरा आणि चिवट असेल तर आणखी तीन-चार मिनिटं.

टप्पा ६: उकळणं

भांडं मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं. लोखंड आणि अॅल्युमिनियम नको.

गार गटासाठी एका माणसाचं एका दिवसाचं माप: भाजलेली यीमी 15 ग्रॅम, फूलिंग 10 ग्रॅम, चेनपी 3 ग्रॅम, आल्याच्या तीन चकत्या. उष्ण गटासाठी यीमी 20 ग्रॅम, चीशियाओदोऊ 15 ग्रॅम, फूलिंग 10 ग्रॅम, चेनपी 3 ग्रॅम, आलं नाही. शौच मुळातच सैल असणाऱ्यांनी यीमी 10 ग्रॅमवर आणून शानयाओ आणि मखाणा 15-15 ग्रॅम घालावा; ही चाल तैवानमधल्या ‘चार देवांच्या सूप’च्या जवळची आहे, फक्त ते लोक त्यात डुकराचं आतडं घालतात.

1. लाल दाणे आणि मखाणा रात्री भिजत घाला. फूलिंगला अर्धा तास पुरतो. भाजलेली यीमी भिजवायची नाही.
2. चेनपी सोडून सगळं एक लिटर गार पाण्यात घालून चढवा. उकळत्या पाण्यात टाकलं तर बाहेरचा भाग आधी घट्ट होतो.
3. मोठ्या आचेवर उकळी आली की आच मंद करा, झाकण किंचित उघडं ठेवून 40 मिनिटं.
4. चेनपी शेवटच्या दहा मिनिटांत घाला. पहिल्यापासून घातली तर सुवास उडतो आणि कडवटपणा तेवढा उरतो.
5. साधारण निम्मं पाणी राहिलं की गाळा. साखर, गूळ, मध काही नाही. गोड घालायचं तर हा खटाटोप कशाला?

उरलेले दाणे खायचे का? पोट मजबूत असेल तर दोन चमचे. पोट फुगत असेल तर पहिला आठवडा फक्त पाणी.

टप्पा ७: पिणं, आणि पोटात काय होतं

दोन वाटे करा. एक नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने, दुसरा दुपारच्या जेवणानंतर. रिकाम्या पोटी नाही, आणि संध्याकाळी सहानंतर नाही. रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं. प्यायचं ते कोमटच. फ्रिजमधून काढून ‘डिटॉक्स वॉटर’सारखं गटागट प्यायलं तर टप्पा २ वाया.

पहिले दोन-तीन दिवस पोटात गुरगुर, थोडे वारे, लघवी जरा जास्त. दाणे खाल्लेत तर तंतू आणि न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात आंबतो, वारे त्याचे. यात गूढ काही नाही.

चौथ्या ते सातव्या दिवसात शौचाकडे लक्ष द्या. बदल हवा तो ‘पातळ’ दिशेने नव्हे, ‘सुटा’ दिशेने. चिकटपणा कमी, आकार धरलेला, एकदाच जाऊन मोकळं वाटणं. चिनी वैद्यकात ओलाव्याला पिठात मुरलेल्या तेलाची उपमा देतात: ते झटक्यात वेगळं होत नाही. म्हणून एका दिवसात धो-धो काही ‘निघालं’ तर ते औषधाचं यश नव्हे.

दुसऱ्या आठवड्यात जिभेवरचा थर टोकाकडून पातळ व्हायला लागतो, मागचा भाग शेवटी. दुपारी खरी भूक लागते. माझ्या अनुभवात भूक परत येणं ही सर्वांत भरवशाची खूण. जीभ फसवू शकते.

बिघाड तीन प्रकारचे. पाण्यासारखं शौच दिवसातून दोनदा किंवा जास्त आणि पोट गार: औषध थंड पडलं. दोन दिवस बंद, नंतर यीमी निम्मी आणि आलं दुप्पट. पुन्हा तसंच झालं तर कायमचं बंद. शौच कोरडं, ओठ फुटलेले, जीभ लाल: जास्त आटलं, ताबडतोब थांबा. पोट दगडासारखं आणि आंबट ढेकर: दाणे खाणं बंद, नुसतं पाणी, रात्रीचं जेवण निम्मं.

*सावध:* जुलाब तीन दिवसांपेक्षा जास्त चालले, चक्कर आली किंवा लघवी कमी झाली तर मीठ-साखरेचं पाणी सुरू करून डॉक्टर गाठा. बाटलीतल्या तयार औषधांबद्दलही: ‘हुओशियांग झेंगछी’ नावाच्या 10 मिलिलिटरच्या कुप्या उन्हाळ्यातल्या उलटी-जुलाबांवर घरोघरी असतात. त्यातला ‘पाणी’ हा प्रकार 40 ते 50 टक्के अल्कोहोलचा आहे. मेट्रोनिडाझोल किंवा सेफॅलोस्पोरिन गटातली काही अँटिबायोटिक्स चालू असताना तो घेतला तर चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, रक्तदाब पडू शकतो. पोट बिघडलं की आपल्याकडे नेमकी मेट्रोनिडाझोलचीच गोळी हाताशी असते. घ्यायचंच तर अल्कोहोल नसलेला ‘तोंडी द्रव’ प्रकार पाहून घ्या, गाडी चालवणाऱ्यांनीही. आणि ज्या चूर्णांत ज्येष्ठमध आहे ती रक्तदाबाच्या रुग्णांनी रोज घेऊ नयेत: ज्येष्ठमधाने दाब वाढतो, पोटॅशियम उतरतं.

टप्पा ८: थांबणं

पाच दिवस घ्या, दोन दिवस सुट्टी, पुन्हा पाच दिवस. एवढंच. बाराव्या दिवशी वही उघडून पहिल्या आठवड्याच्या नोंदींशी ताडून पाहा. फरक पडला असेल तर थांबा, कारण काम झालं. पडला नसेल तरीही थांबा, कारण तुमचा अंदाज चुकला. त्सांगझू, होऊपो असली कोरडी, जोरकस औषधं हाताशी घेण्याआधी प्रशिक्षित वैद्याला नाडी आणि जीभ दाखवा. वर्षभर रोज यीमीचं पाणी पिणारे मला तिकडे भेटले. आयी त्यांना यीमी विकायच्या आणि परत येऊ नका म्हणून सांगायच्या.

थांबल्यावर आठ-दहा दिवस साधं गरम जेवण: मऊ भात, पांढऱ्या वालाचं वरण, शिजवलेली भाजी. गार पाणी लगेच सुरू केलंत तर चौथ्या दिवशी जीभ पुन्हा पहिल्यासारखी.

उरलेली भाजलेली यीमी कोरड्या काचेच्या बरणीत, झाकण घट्ट. या धान्यात तेल असतं, म्हणून महिन्याभरात खवट वास येऊ लागतो. मग ती पाखरांनाही घालू नका, फेकून द्या. हुईनानत्येनमध्ये, किंवा कोकणातल्या जुलैत, बरणी फ्रिजमध्ये ठेवा आणि चमचा ओला घालू नका. किलोची पिशवी स्वस्त पडते हे खरं, पण बारा दिवसांना पाव किलो भरपूर होते.